शालूच्या रक्तातला आकडा

दीड महिन्यापूर्वी सकाळीच शालूच्या मुलीचा, मीनलचा रायपूरहून फोन आला. "मावशी, आई गेली," एवढंच बोलली. शालूचं हृदय कमकुवत झालंय हे मला ठाऊक होतं, तरी मी वेड्यासारखी विचारत राहिले, कधी, कशी...

शालू आणि मी ग्वाल्हेरच्या एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये बारा वर्षं शेजारी बसलो. दोघीही शिंदे की छावनी या जुन्या मराठी वस्तीतल्या, त्यामुळे सगळ्या हिंदीत आमचं एक मराठी टेबल. ती बडबडी, मी खडूस. पेशंट तिला शोधत यायचे आणि माझ्याकडे नाइलाजाने. थायरॉइडच्या किटची तारीख संपत आली की त्यात चार-दोन नमुन्यांची जागा उरायची. वाया कशाला घालवायची, म्हणून आम्ही आपलंच रक्त तपासणीला लावायचो. त्याची नोंद कुठे नसे. अशाच एका खेपेला शालूचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा आकडा, वाढलेलं आलं. फार नाही. लगेच त्याला आजार म्हणता आलं नसतं. पण दुर्लक्ष केलं तर पुढे काही वर्षांनी कोलेस्टेरॉल वाढून हृदयावर बेतू शकतं, तेव्हा तपासत राहा, हे लोकांना आम्हीच सांगत असू. पुन्हा एकदा लावून बघू आणि मग तिला सांगू, असं मी ठरवलं.

त्याच आठवड्यात, छत्तीसगड वेगळं झाल्यावरची कर्मचाऱ्यांची वाटणी आमच्या लॅबपर्यंत पोहोचली. दोघींपैकी एकीला तिकडे जायचं होतं. तब्येतीचं कारण असेल तर कागद द्या, तिची बदली टळेल, साहेब म्हणाले. जागा बस्तरकडची, तिथे थायरॉइडची तपासणी तेव्हा होत नव्हती. शालूने मात्र फूलबागेत शेंगदाणे खाता खाता विषय मिटवून टाकला. "तुझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी जाते. मला काय धाड भरलीये? परवा माझं रक्त लावलंस ना, काय आलं?"

"नॉर्मल," मी म्हणाले.

ती गेली. पुढे फोनवर थकवा, सूज, वाढलेलं वजन असं काहीबाही सांगायची आणि मी 'वय झालं गं' म्हणून हसण्यावारी न्यायची. दर वेळी सांगायचं ठरवायची आणि दर वेळी जीभ उचलत नसे... एका आकड्याने माणूस जात नाही, हे मला कळतं. तरी स्वतःची लाज वाटते.

मागच्या आठवड्यात मीनल ग्वाल्हेरला आली. चहा घेता घेता सहज म्हणाली, "रायपूरला आल्यावर डॉक्टरांनी कितनी बार थायरॉइडची जाँच लिहिली, पण आई मानतच नव्हती. म्हणायची, शैलाने पाहिलंय माझं रक्त, तिच्यापेक्षा जास्ती समजतं का त्यांना?"

मी कप खाली ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "पण मावशी, तू का नाही सांगितलं?"

सासूबाईंचं कारण अगदी ओठांवर आलं होतं. पण ते शालूने माझ्यासाठी शोधलेलं कारण होतं.

"मला जायचं नव्हतं," मी म्हणाले.