खुलासेभाऊ आणि पार्टीचं एक वाक्य

खुलासेभाऊंना हळू बोलणं जमतच नसे. आमच्या रामाकोना गावात त्यांची पिठाची गिरणी होती आणि जन्मभर त्या पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवून त्यांचा गळा तसाच घडला होता. सांत्वनाला गेले तरी ते ओरडत. मयताच्या दारात उभे राहून "लय वाईट झालं बापा!" म्हणाले, की मागच्या गल्लीलाही बातमी कळे.

हाच गळा पार्टीच्या कामी आला. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे मराठी बोलतात आणि राज्य भोपाळहून चालतं. हिंदी आम्हाला येते, बाजारात नि कचेरीत आम्ही तीच बोलतो. पण भोपाळचा पुढारी मंचावर चढला की त्याच्या तोंडून जी हिंदी निघते, ती बाजारात कुणी बोलत नाही. समावेशी विकास, सामाजिक समरसता, प्रसंस्करण को प्रोत्साहन. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जाताना एकमेकांना विचारत, "काय म्हने तो?" म्हणून पुढाऱ्याचं भाषण संपलं की भाऊ माईक हाती घेत, त्यावर टिचकी मारत आणि गरजत, "आता मी खुलासा करतो!" त्यांचं खरं नाव मतदारयादीपुरतंच उरलं होतं.

या कामाचा त्यांना गर्व होता, हे कशाला लपवू? सभेच्या दिवशी गिरणी बंद, अंगात इस्त्रीचं जाकीट, मिशीला तेल. पुढाऱ्याने काढून ठेवलेल्या हारांपैकी एखादा आपल्या गळ्यात पडेपर्यंत ते मंचावरून उतरत नसत. माझी आई दळण घेऊन गेली की त्यांना डिवचायची, "भाऊ, पार्टीनं तुमाले हाराशिवाय काय देल्लं?"

"माईक देल्ला ना, सुमनबाई!" ते म्हणत. त्यात त्यांना खरोखर सगळं मिळालं होतं.

पण एक खोड होती. आपण जो खुलासा केला, तो खरा करून दाखवणं त्यांना आपलंच काम वाटे. एकदा 'सामाजिक समरसता' आली. भाऊ म्हणाले, "मतलब, हॉटेलात बौद्धवाड्यातल्या मानसाले कागदाचा गिलास अन् बाकीच्यायले कपबशी, हे आता बंद!" दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या दारात आवाज घुमला, "जय भीम! चला, चहा प्याले." माझ्या बाबांना ते चौकातल्या हॉटेलात घेऊन गेले आणि बाबांच्या पुढ्यात कपबशी येईपर्यंत उभेच राहिले. हॉटेलवाला पार्टीचाच माणूस. तो कुरकुरला, तसे भाऊ त्याच्यावर ओरडले, "काल सभेत झोपला होता काय बे?" बाबा ती गोष्ट कितीतरी दिवस सांगत होते.

आई संत्र्याच्या तोडणीला जायची. पुरुष शिडीवर चढून फळ तोडतात, बाया खाली शिडी धरतात, फळ वेचतात, निवडतात, क्रेट भरून डोक्यावर वाहतात. दिवस दोघांचा सारखाच, मजुरी मात्र बाईला कमी. का, तर बाई शिडीवर चढत नाही. त्या भागातला सगळ्यात मोठा बगीचा पार्टीच्या ब्लॉक अध्यक्षांचा होता, आणि हे कारण तेच सगळ्यात गोड आवाजात सांगत.

मग निवडणूक आली. भोपाळच्या पुढाऱ्याने रामाकोन्याच्या चौकात घोषणापत्र वाचलं. त्यात एक वाक्य होतं, "श्रम के क्षेत्र में लैंगिक समानता के प्रति हमारी पार्टी प्रतिबद्ध है।" भाऊंनी माईक घेतला. "मतलब, संत्र्याच्या तोडनीत बाईले मानसाएवढीच मजुरी भेटन! पार्टीचा शब्द आहे!" बाया उठून उभ्या राहिल्या. इतक्या टाळ्या त्या चौकात मी कधी ऐकल्या नव्हत्या. टाळ्या आपल्यालाच आहेत असं समजून पुढारी हात जोडत राहिला. ब्लॉक अध्यक्षांचा चेहरा मात्र उतरला, कारण त्यांना मराठी येत होती.

दुसऱ्या दिवशी बाया बगीच्यात गेल्या आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या. झाडांवर फळ पिकलेलं, व्यापाऱ्याचा ट्रक ठरलेला. अध्यक्ष धावत आले. "तुमी शिडीवर चढता काय?" त्यांनी विचारलं.

"शिडी कोन धरते, सायेब?" आई म्हणाली. "सोडून देऊ काय? तुमच्याच पार्टीचा शब्द आहे."

त्या दिवशी भाऊंना सौंसरच्या कार्यालयात बोलावून बजावलं गेलं, की भोपाळचे साहेब पुन्हा येतील तेव्हा माईकवर सांगायचं, माझी समजूत चुकली, ती फक्त पार्टीची भावना होती. संध्याकाळी मी दळण आणायला गेले तर गिरणी बंद आणि भाऊ पोत्यावर बसलेले. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यांनी घोषणापत्र माझ्यापुढे धरलं. "वाच पोरी." मी ते वाक्य वाचलं. "याचा दुसरा काई मतलब निघते काय?" त्यांचे डोळे सांगत होते, काढ काहीतरी, निघत असेल तर काढ. पार्टीशिवाय त्या माणसाला दुसरं काही नव्हतं.

"नाही निघत, काका," मी म्हटलं.

पुढारी आला. भाऊंनी या वेळी माईकला टिचकी मारली नाही. ते पुढाऱ्याकडे वळून आपल्या बाजारातल्या हिंदीत म्हणाले, "साहब, मेरा खुलासा गलत है बोलते. तो आपही बताव, इस लाइन का मतलब क्या?"

पुढारी अध्यक्षांकडे बघून हसला. "देखिए, यह बहुत व्यापक विषय है..."

तेवढ्यात कुणीतरी माईक बंद केला. ज्याने केला त्याला भाऊंचा गळा ठाऊक नसावा. "व्यापक मतलब काय, तेवढं तरी सांगा!" ते पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेलं.

जनतेत भ्रम पसरवल्याबद्दल त्यांना पार्टीतून काढलं. बगीचेवाल्यांनी आपलं दळण दुसरीकडे नेलं. टेम्पो भरून बाहेरगावचे मजूर आणले, आणि चार दिवसांनी आमच्या बाया खालमानेने कामावर परतल्या, त्याच कमी मजुरीवर. मला आजही संताप येतो. बगीचेवाल्याने मजुरी कापली तर समजतं, तो उघड कापतो. पण समानता छापायची, ती भर चौकात वाचायची, तिच्यावर मतं मागायची, आणि ती खरी मानणाऱ्या एकुलत्या एक माणसाला खोटारडा ठरवायचं? थू त्या राजकारणावर. अध्यक्ष आजही अध्यक्ष आहेत आणि महिला दिनाला आमच्या बायांना साड्या वाटतात. आई घेत नाही.

नोकरी लागल्यावर मी पांढुर्ण्याला राहायला गेले. पुढच्या निवडणुकीत नवं घोषणापत्र निघालं, तेव्हा भाऊ अंथरुणाला खिळले होते. गिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते. मी ते घेऊन भेटायला गेले. त्यांनी तोंडात पाणी घेतलं, गिळलं आणि म्हणाले, "थे वाक्य वाच."

मी पानं उलटली. समरसता होती, प्रोत्साहन होतं, पुढाऱ्यांचे फोटो पहिल्यापेक्षा मोठे होते. ते वाक्य नव्हतं. मी पहिल्यापासून पुन्हा शोधलं, तरी नव्हतं. आता यांना हे कसं सांगू, असं झालं मला. शेवटी सांगितलं, "काका, काढून टाकलं त्यांनी."

भाऊ कोपरावर उठले. महिनाभर घरात कुणी ऐकला नव्हता तो आवाज निघाला, आणि स्वयंपाकघरातून त्यांची सून धावत आली.

"म्हंजे समजलं होतं त्यायले!"