परतीचा सामना कधी?

सिरियाको गालेंदेने उभी हयात बस चालवली. बिलबाओपासून लिस्बनपर्यंत कुठलाही रस्ता त्याला झोपेत विचारा, वळणासकट सांगेल. फुटबॉलमध्ये मात्र हा माणूस पहिल्या दिवशी हरवला, तो हरवलाच.

तो मूळचा आमच्याकडचा नव्हे. सामोराकडच्या एका कोरड्या गावातून कामधंद्यासाठी आमच्या व्हितोरिया शहरात आला. आमच्या सारामागा वस्तीत तेव्हा निम्मी माणसं अशीच बाहेरून आलेली. त्याची बायको एस्तिबालिस मात्र इथली, सात पिढ्यांची. खेळायच्या पत्त्यांच्या कारखान्यात ती माझ्या शेजारी बसायची. माझं नाव नाती. छापून आलेल्या पानांवर डाग शोधायचे, हे आमचं दोघींचं काम. राजाच्या दाढीवरचा टाचणीएवढा ठिपकासुद्धा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. आणि रविवारी आम्ही दोघी मेंदीसोरोत्साच्या मैदानावर, आमच्या गावच्या अलावेस संघाच्या सामन्याला. ती आधी वडिलांबरोबर जायची, ते गेल्यावर माझ्याबरोबर.

लग्नाआधीच तिने सिरियाकोला बजावलं होतं, "आठवडाभर मी तुझी. अलावेसचा सामना घरच्या मैदानावर असला की त्या दुपारी मी कुणाचीच नाही."

त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याला कळलं की ही थट्टा नाही. मग त्याच्या मनात भलतंच यायला लागलं. एवढी रोज शांत असणारी बाई, पंधरा दिवसांनी एकदा घसा बसवून घरी येते, गाल लाल, केस विस्कटलेले! एकदा तो गुपचूप आमच्या मागोमाग आला. तिकीट काढायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. दोन तास भिंतीबाहेर भिजत उभा राहिला. आम्ही बाहेर आलो तर हा समोर, टोपीतून पाणी गळतंय.

"आत कोण मेलं का?" त्याने विचारलं.

"कोण मरायचं?"

"मधेच सगळे एकदम हंबरडा फोडल्यासारखे ओरडले की."

"चेंडू खांबाला लागला," एस्तिबालिस म्हणाली.

घरी दारात पाय पुसताना तो हळूच मला म्हणाला, "नाती, खांबाला लागला तर लागला. खांबाला काय होतंय?"

त्यानंतर त्याने विचारायचंच सोडलं. वर्षं गेली. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन पाम्प्लोनाला गेली. अलावेस खालच्या गटांतून धडपडत होता. आम्ही तिथेच, त्याच पायऱ्यांवर, सूर्यफुलाच्या बिया फोडत. आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना आमचा हा एवढासा क्लब वरच्या गटात आला, तिथे सहावा आला, आणि युएफा कपसाठी युरोपात निघाला. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा!

इथून सिरियाकोचा खरा गोंधळ सुरू झाला. कारण आता सामने आठवड्याच्या मधल्या वारी यायला लागले, आणि वस्तीतल्या कोल्दोच्या बारमध्ये टीव्हीसमोर त्यालाही बसावं लागायचं. दुसरीकडे जेवण कुठे मिळणार? बायको तिथेच.

पहिल्याच फेरीत तुर्की संघाशी आम्ही घरी शून्य-शून्य. सिरियाको म्हणाला, "चला, बरोबरी. संपलं."

"संपलं कसं? आता आपण त्यांच्याकडे जायचं," कोल्दो म्हणाला. "परतीचा सामना."

"म्हणजे एकच सामना दोनदा?"

"दोन सामने, पण मिळून एक."

सिरियाकोने बशीतलं ऑलिव्ह उचललं, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवलं.

मग नॉर्वेचे दोन संघ झाले, मग मिलानचा इंटर. इंटरशी घरी तीन-तीन, आणि त्यांच्या मैदानात आम्ही दोन-शून्यने जिंकलो. त्या रात्री कोल्दोने पाचारान दारूची बाटली सगळ्यांना फुकट फिरवली. पण सिरियाकोचं डोकं खरं फिरलं ते माद्रिदच्या रायो वायेकानोच्या वेळी. घरी आम्ही तीन-शून्यने जिंकलो होतो. त्यांच्या मैदानात दोन-एकने हरलो, आणि शिट्टी वाजल्याबरोबर अख्खा बार नाचायला लागला. एस्तिबालिस तर खुर्चीवर उभी.

"अगं, आपण हरलो ना?" तो खालून विचारत होता.

"हरलो!" ती आनंदाने ओरडली.

"मग नाचतेस काय?"

"हरलो तरी जिंकलो! दोन्ही मिळून बघायचं असतं, सिरि. गोलांची बेरीज."

"आणि बेरीज सारखी आली तर?"

"तर मग दुसऱ्याच्या घरी ज्याचे जास्त गोल, तो."

"का?"

का, ते कुणालाच सांगता येईना. कोल्दो म्हणाला, "बाबा रे, तू बस चालव."

तो मान हलवत राहिला. पण त्या दिवशी एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली, की युरोपात हरलं तरी काळजीचं कारण नसतं. पुढे एक सामना असतोच.

उपांत्य फेरीत जर्मन संघाला आम्ही पाच-एक आणि चार-एक असं लोळवलं. अंतिम सामना डॉर्टमुंडला, लिव्हरपूलशी. व्हितोरियातून बसगाड्यांची रांगच निघाली, आणि आमच्या वस्तीच्या बसवर चालक म्हणून लागला सिरियाको, जोडीला दुसरा एक. एस्तिबालिस माझ्याशेजारी चौथ्या रांगेत बसली. वाटभर ती त्याला नवऱ्यासारखं नव्हे, चालकासारखंच वागवत होती.

"ओ चालक, जरा दाबा की! जर्मनी पळून चाललंय!"

"मागे कोण ती बाई? खाली उतरवीन हां," तो आरशात बघून म्हणायचा. बस हसायची. बटाट्याचं ऑम्लेट डब्यांतून फिरत होतं, चोरीसो सॉसेजचा वास पडद्यांना लागला होता. अख्खा फ्रान्स आम्ही गाण्यांत पार केला.

बेल्जियममध्ये नाश्त्याला थांबलो आणि आमच्या बसमधल्या तोमास सुताराच्या पोटात मुतखड्याची कळ उठली. रस्त्यावर आडवा झाला बिचारा. त्याला आणि त्याच्या मुलीला तिथल्या इस्पितळात सोडावं लागलं. रुग्णवाहिकेत घालताना तोमासने सिरियाकोचा हात धरला आणि आपलं तिकीट त्यात कोंबलं.

"तू जा. माझ्या जागी कुणी परका नको."

"अरे, मला त्यातलं कळत नाही."

"मग मला काय कळतं? मी चाळीस वर्षं नुसता ओरडतोय. जा."

अशा रीतीने सिरियाको गालेंदे आयुष्यातला पहिला सामना मैदानात बसून बघायला गेला, आणि पहिलाच सामना युरोपचा अंतिम! आमच्या दोघींच्या मध्ये बसला. मांडीवर टोपी, चर्चमध्ये बसल्यासारखा.

पहिल्या पाच मिनिटांतच लिव्हरपूलचा गोल. थोड्या वेळाने दुसरा. मला तर वाटलं, आता आठ-दहा खाऊन घरी जायचं. सिरियाको शांत. "काही होत नाही," तो बायकोची समजूत काढत होता. मग आमचा एक झाला, त्यांचा तिसरा झाला. मध्यंतरानंतर आमच्या पुढच्या फळीतल्या पोराने लागोपाठ दोन मारले आणि तीन-तीन. त्यानंतर एस्तिबालिसने काय केलं ते सिरियाको पुढे कितीतरी दिवस सांगत असे. तिने समोरच्या रांगेतल्या एका अनोळखी टकल्या माणसाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्याचा मुका घेतला. तो माणूसही रडत होता. मग लिव्हरपूलच्या प्रशिक्षकाला तिने जी शिवी दिली, ती मी इथे लिहिणार नाही. सिरियाकोने ती शिवी सामोराच्या गुराख्यांच्या तोंडून ऐकली होती. बायकोच्या तोंडून पहिल्यांदाच.

"ही कोण आहे?" त्याने मला कानात विचारलं. गंमत करत नव्हता तो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतर त्याला खरंच ते कळत नव्हतं.

लिव्हरपूल चार-तीन. शेवटची मिनिटं उरली. लोक तोंड झाकून बसले, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर आमच्याच एकाने डोकं मारलं. चार-चार! त्या क्षणाचं मला काहीच आठवत नाही. एवढं आठवतं की सिरियाकोची टोपी गेली ती गेलीच, आणि तोही उभा राहून ओरडत होता. काय ओरडत होता, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग जादा वेळ. आमचा एक खेळाडू बाहेर काढला, मग दुसरा. नऊ जणांनी पाय ओढत ओढत खेळ रेटला. पेनल्टी आता हाताशी आल्या होत्या. डावीकडून त्यांनी एक फ्री किक घेतली. चेंडू आत आला, आमच्याच बचावपटूने अडवायला डोकं घातलं, आणि त्याच्या केसांना घासून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला.

पाच-चार.

"असू दे, असू दे," सिरियाको टाळ्या वाजवत म्हणाला. "चला, उठा पोरांनो! वेळ आहे अजून!"

त्याच्यासारखंच ओरडणारे आमच्या रांगेत आणखी कितीतरी होते. मीसुद्धा. पण खाली आमची पोरं गवतावर आडवी पडली होती, आणि लाल कपड्यांतली पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती.

"हे उठत का नाहीत?" सिरियाको म्हणाला. "चेंडू मध्ये ठेवा की!"

एस्तिबालिस खाली बसली. "संपलं, सिरि."

"कसं संपेल? तीन मिनिटं आहेत. घड्याळ बघ."

"गोल्डन गोल. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला. तिथेच सामना थांबतो."

"पण तो आपल्याच माणसाने केला!"

"तरी चालतो."

"आपल्याच माणसाने आपल्याला हरवलं तरी चालतं?"

तिने मान हलवली. सिरियाको मैदानाकडे बघत बोटं मोजायला लागला. मनात हिशोब चालला असावा. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. तो तिच्याकडे वळला आणि मोठ्या आशेने म्हणाला,

"बरं. पाच-चार म्हणजे काही फार नाही. आणि दुसऱ्याच्या घरी आपले चार गोल. आता परतीचा सामना कधी?"

समोरचा टकला माणूस मागे वळून बघायला लागला. कुणी हसलं नाही. एस्तिबालिस त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. आधी वाटलं ती चिडणार. मग वाटलं हसणार. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि अशी रडली, अशी रडली, की वडिलांच्या मातीलाही ती तशी रडली नव्हती.

"नसतो," ती म्हणाली. "अंतिम सामन्याला परतीचा नसतो."

"मला कुणी सांगितलंच नाही," सिरियाको म्हणाला.

येताना बसमध्ये गाणी नव्हती. बेल्जियममध्ये तोमासला उचललं. खडा पडला होता, चेहरा पिवळा. सामना त्याने इस्पितळातल्या टीव्हीवर पाहिला होता. सिरियाकोने त्याला विचारलं, "तुला तरी कळलं का?" तोमास म्हणाला, "ते मला गुंगीचं औषध देत होते. मला तर आपण जिंकल्यासारखं वाटतंय."

आणि व्हितोरियात पोचलो तर गावभर तेच! बाल्कन्यांतून झेंडे, रस्त्यांवर माणसंच माणसं, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या, संघाच्या नावाचा गजर. आमच्या धुळकट बसवरसुद्धा फुलं पडली. सिरियाकोने काच खाली केली आणि एका पोलिसाला विचारलं, "काही बदललं का? निकाल फिरवला का?"

"नाही हो. हरलोच."

"मग हे सगळं?"

पोलिसाने नुसते खांदे उडवले. त्याचेही डोळे लाल होते.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्या उन्हाळ्यात सभासदत्वाचं नूतनीकरण आलं तेव्हा मी नेहमीसारखी एस्तिबालिसला हाक मारायला गेले. ती शेंगा सोलत होती.

"मी नाही येत, नाती," ती म्हणाली. "या वर्षी नाही. पुढेही नाही."

मला वाटलं आजारी आहे. वाटलं, रागावली. दोन्ही नव्हतं. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "जे बघायचं होतं ते बघून झालं. आता मी बागेत वांगी लावणार आहे."

"अगं, पण हरलो आपण!"

"म्हणूनच," ती म्हणाली. ह्याचा अर्थ काय, ते तिने सांगितलं नाही, आणि मला अजून लागलेला नाही.

पुढच्या सामन्याला मी एकटी निघाले, तर खाली दारात सिरियाको उभा. नवी टोपी घालून. हातात तिचं सभासदपत्र. ऑफिसात जाऊन त्याने ते स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

"तू कशाला?" मी विचारलं.

"बघतो एकदा," तो म्हणाला. "तिथे तिला काय झालं होतं, ते कळलं तर बघतो."

तेव्हापासून तो येतोय. दोन वर्षांत आम्ही खालच्या गटात घसरलो, मग त्याच्याही खाली, तिसऱ्यात. मोकळ्या पायऱ्या, थंडी, समोर कुठल्या कुठल्या गावांचे संघ. मी आजारपणात चुकवले, त्याने एकही चुकवला नाही. बस चालवायचं सुटलं, गुडघे गेले, तरी येतो. ऑफसाइड मी त्याला बियांची टरफलं मांडून समजावला, तो "हं, हं" करत राहिला आणि शेवटी विचारलं, "पण तो पुढे उभा राहिला तर कुणाचं काय जातं?"

परवा सामना संपल्यावर आम्ही हळूहळू पायऱ्या उतरत होतो. शेवटच्या क्षणी चेंडू खांबाला लागून बाहेर गेला होता, आणि सिरियाकोचा घसा पार बसला होता. घरी आलो तर एस्तिबालिसने वांगी भाजली होती. तिने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"काय झालं रे तिथे?"

त्याने तोंड उघडलं, आवाजच निघेना. हातांनी काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, मग हात खाली टाकले आणि माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, "बाई, मलाही नाही कळलं," आणि वांगं ताटात वाढून घेतलं.