मांडवातली घूं

राग आला की मी वस्तूंना मारायचो. रेडिओ खरखरला की चापट, टेप अडकली की बुक्की. कधीकधी त्याने वस्तू चालूही व्हायची, म्हणून ही खोड काही गेली नाही. चोपड्यात आम्हा दोघा भावांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. एक ॲम्प्लिफायर, दोन भोंगे आणि ट्रकची एक बॅटरी. मालक म्हणून मिरवायचो मी, पण कान धाकट्याचे. नुसतं ऐकून तो सांगायचा, जोड सैल आहे की माइकची वायर आतून तुटलीय.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं आणि नेमकी त्याच दिवशी विजेच्या दोन तारांपैकी परतीची तार गेली होती. आमच्याकडे त्यावर सगळ्यांचा एकच उपाय. जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, मीठ-पाणी ओतायचं आणि गेलेल्या तारेचं काम तिच्याकडून करून घ्यायचं. मांडवातले सगळे दिवे तसेच पेटवले होते. आमचा ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालायचा, पण खरखर कमी यावी म्हणून त्याला अर्थिंग द्यायचो. आता आयती सळई असताना दुसरी कोण ठोकत बसणार? मी आमची वायर तिलाच गुंडाळली.

"भाऊ, ती सळई नको," धाकटा म्हणाला. "बठ्ठा मांडवना करंट तिनामा शे."

"माले शिकाडस का तू?" मी खेकसलो. तो बॅटरीचे चिमटे लावायला वळला.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि भोंग्यांतून जाड घूं यायला लागली. एक अक्षर समजेना. भटजींच्या हाताला झिणझिण्या येत होत्या, त्यांनी माइक खाली ठेवला. मी माइक बदलला, वायर बदलली, बॅटरीचे चिमटे घासले. शेवटी ॲम्प्लिफायरला तीन बुक्क्या घातल्या. पत्रा चेमटला, आवाज तसाच. वऱ्हाडी हसायला लागले. मुलीच्या बापाने येऊन माझी गचांडी धरली.

"मनी पोरनं लगीन शे, तमाशा नही!" असं ओरडत त्याने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली.

त्याला उलट मारायची माझी छाती नव्हती. शेजारी धाकटा उभा होता, सळईकडे बोट दाखवत. मी हात पार मागे नेला आणि त्याच्या डाव्या कानावर ओढली. तो बांबूवर आदळून खाली पडला. वर मी कमरेत लाथही घातली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

पडल्यापडल्याच त्याने हात लांब केला आणि आमची वायर सळईवरून हिसडली. झटक्याने त्याचा हात उडाला, पण वायर सुटली. घूं थांबली. भटजींनी पुन्हा माइक उचलला, आवाज स्वच्छ आला, अक्षता पडल्या. धाकटा तिथेच बसून होता. कानातून निघालेलं रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होतं आणि लोक त्याला ओलांडून जेवायला चालले होते.

घरी आईने विचारलं, तर तो म्हणाला, "बांबूवरतीन पडनू." मी बाजूलाच होतो.

जळगावच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. कान वाहत राहिला आणि वर्षभरात त्या बाजूने ऐकू येणं बंद झालं. दोन भोंग्यांतला कुठला खरखरतोय, हेही त्याला कळेना. लोक दुसऱ्यांना बोलवायला लागले.

एकदा डॉक्टरांकडून बसने परत येत होतो. तो खिडकीशी बसून बाहेरच्या केळी बघत होता. कितीतरी दिवस ओठांवर आलेलं मी एकदाचं बोललो, "मनं चुकनं रे."

तो बाहेरच बघत राहिला. मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. मागे पलीकडच्या खिडकीचं बाक रिकामं होतं, तिथे त्याचा उजवा कान माझ्याकडे आला असता; ते मी चढतानाच पाहिलं होतं.