दुसरा बोल्ट

तोंड उघडायचं नाही म्हणून मी एक बोल्ट डोळ्यांदेखत तुटू दिला. आज मला गप्प बसवायला नातवंडांना हात जोडावे लागतात, त्यांना हे खरं वाटत नाही. पण तेव्हा मी नवी सून होते आणि सासऱ्यांशी बोलत नव्हते. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, मग त्या आबांना सांगणार. मर्यादेत माझा हात धरणारी अख्ख्या चोपडा तालुक्यात नाही, असा केवढा तोरा!

वैशाख होता. केळी निसवलेली, घड नुकते बाहेर पडलेले, आणि विहिरीतला पंप पाणीच ओढेना. पाइपाच्या जोडातलं रबर कुजलं होतं. ते बदलायचं तर चार गंजके बोल्ट काढायचे. नवरा लग्नाला धुळ्याला गेलेला, सासूबाईंचे गुडघे पायऱ्या उतरू देईनात. त्यांनी बॅटरी देऊन मला आबांच्या मागे धाडलं.

आबांनी पहिल्या बोल्टला पान्हा लावून भार दिला. बोल्टचं डोकं फिरलं.

"निंघना!" निघाला म्हणून आबा खूश.

मी खाली उकिडवी बसलेली. मला जोडाच्या फटीतून बोल्टचा दांडा दिसत होता. तो हलत नव्हता. वर डोकं फिरतंय, खाली दांडा गप्प, म्हणजे मध्ये पीळ बसतोय. कळलं मला. कळलं, आणि मी पदर आणखी पुढे ओढला.

कट्! डोकं पान्ह्यात, उरलेला तुकडा पंपाच्या अंगात.

"तीनवर भागी जाई," आबा म्हणाले, बहुधा पंपालाच.

दोनवर मात्र भागलं नसतं. आणखी एक तुटला की पंप काढून जळगावला लेथवर, आणि तो परत येईपर्यंत केळी माना टाकणार.

दुसऱ्या बोल्टला त्यांनी रॉकेल पाजलं, हातोडीने टिचक्या मारल्या, थांबले. मग पान्हा लावला. डोकं फिरू लागलं. माझी नजर फटीत. दांड्यावर गंजाचा एक खवला होता. तो होता तिथेच. शब्द घशातून वर आला आणि दातांशी अडला. डोकं आणखी थोडं फिरलं.

"थांबा आबा! दांडा फिरत नाही!"

विहिरीने ते पुन्हा म्हणून दाखवलं. वर सासूबाईंनी ऐकलंच असणार.

आबांनी माझ्याकडे न बघता पान्हा उलटा फिरवला, बोल्ट परत आवळला. पुन्हा रॉकेल, पुन्हा टिचक्या. मग केसभर सोडायचा, केसभर आवळायचा.

"आते?"

"नाही."

"आते?"

"नाही, आबा."

घामाने बॅटरी हातातून निसटायला लागली. तेवढ्यात कर्र झालं. आबा थिजले, मीही. तुटला की सुटला? मी फटीला डोळा लावला. खवला बाजूला सरकला होता.

"फिरला!"

उरलेले दोन तसेच काढले, नवं रबर बसवलं. पाटात पाणी पडलं तेव्हा आबा पायरीवर बसून हात पुसत होते. मी पदर सावरून पुन्हा मुकी झाले होते. ते म्हणाले, "मंग पहिला बोल्टना येळले तुनी जीभ माहेरले गयेल व्हती का, बेटा?"