वही गिळलेलं मशीन

जयमालाबाई साळवे यांचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. त्या वेळी आडावर गर्दी नसायची. नागापूरच्या वस्तीतला आड त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर. रोज चौदा हंडे पाणी. एका खेपेला दोन, म्हणजे सात खेपा. शेवटचा हंडा रांजणात ओतला की साडेपाच झालेले असायचे. मग भाकरी, सासूबाईंचा चहा, आणि सातच्या भोंग्याला एमआयडीसीतल्या मोटारींच्या कारखान्यात हजर. बावीस वर्षांत त्यांना तीनदा उशीर झाला. तिन्ही तारखा त्यांना पाठ होत्या.

दिवसभर पाणी उपसायच्या मोटारींत तार भरायची आणि घरी मात्र पाणी हाताने शेंदायचं, याची त्यांच्याशेजारी बसणाऱ्या राहीबाईला फार गंमत वाटे. "तुझ्या हातनं निम्म्या जिल्ह्याचं पानी चढलं," ती म्हणायची, "आन् तुझा रांजन कोरडा."

वाइंडिंगचं काम बघायला सोपं. मोटारीच्या लोखंडी खाचांत तांब्याची तार वेढे मोजून बसवायची. वेढे कमी पडले तर मोटार तापते, जास्त झाले तर ओढत नाही. तारेवर लाखेचा पातळ थर असतो. टोकं जोडताना तो पात्याने खरवडून काढावा लागतो. थर पूर्ण निघाला पाहिजे आणि तांब्याला ओरखडा येता कामा नये. हे शिकायला माणसाला दोन वर्षं लागतात. काहींना दहा वर्षांतही येत नाही.

कोणत्या मोटारीला किती वेढे, कोणती तार, सुरुवात कोणत्या खाचेतून, हे जयमालाबाई एका वहीत लिहून ठेवायच्या. कंपनीने बनवलेल्या प्रत्येक मोटारीचं पान त्या वहीत होतं. एक्क्याण्णव साली डिझाइनच्या खोलीत दोन परदेशी वर्कस्टेशनं, म्हणजे महागडे मोठे कॉम्प्युटर, आली. त्यांच्यासाठी खोली गार करण्यात आली, चपला दाराबाहेर गेल्या. जयमालाबाईंची वही 'फीड करायला' म्हणून नेली, ती परत आली नाही. चौकशी केल्यावर उत्तर मिळालं, "आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे, बाई." वही रद्दीत गेली होती.

चार वर्षांनी नवे, स्वस्त कॉम्प्युटर आले. ती दोन वर्कस्टेशनं कोपऱ्यात पडली आणि त्यांच्यावर धूळ बसली.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात एका साखर कारखान्याकडून काम आलं. त्यांच्याकडच्या, याच कंपनीने बनवलेल्या बासष्ट जुन्या मोटारी पुन्हा भरून द्यायच्या होत्या, दसऱ्याच्या आत. एरवी जुनी तार मोजूनच नवी भरतात. पण या मोटारी गोदामात पडून होत्या आणि कुणीतरी त्यांतलं तांबं काढून विकलं होतं. आत नुसत्या रिकाम्या खाचा. वेढ्यांचे तक्ते हवेत, आणि ते होते बंद पडलेल्या मशीनमध्ये.

मॅनेजरसाहेबांनी जयमालाबाईंना बोलावलं. "बाई, तक्ते तोंडपाठ आहेत का?"

"चालू मोटारींचे हायेत. ह्या जुन्या. साताठ सांगंन, बाकीचं अंदाजानं न्हाई सांगनार."

"मग काम सोडावं लागेल." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि एक सांगून ठेवतो. नव्या मोटारी आता मशीनवर भरल्या जाणार. हे काम मिळालं नाही तर दिवाळीला तुमचा सेक्शन बंद. अकराही जणी."

"त्या कॉम्प्युटरात हायेत ना तक्ते?"

"बनवणाऱ्यांचा माणूस येऊन गेला. दुरुस्तीला जेवढे मागतो तेवढ्यात चार नवे येतील. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो येतोय."

तो दिवस बुधवार होता.

डिझाइनच्या खोलीत कानिफनाथ नावाचा पोरगेला इंजिनिअर होता, शेवगावकडचा, डिप्लोमा झालेला. जेवणाच्या सुट्टीत जयमालाबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमची वही ह्या डब्यात हाय," तो धुळीवर हात फिरवत म्हणाला.

"सात वर्सं झाली. अजून पचली न्हाई व्हय त्याला?"

कानिफ हसला. मग त्याने सांगितलं की मशीनच्या मूळ सिस्टीमची मुदत संपली आहे, ती उघडत नाही. पण लिनक्स म्हणून एक सिस्टीम आहे, तिच्यातून जुनी डिस्क वाचता येईल. पुण्याच्या मित्राकडून त्याने तिची सीडी आणली होती, सीडी वाचणारा डबाही आणला होता.

"कितीला दिली?"

"फुकट. जगभरातल्या लोकांनी मिळून लिव्हलीय. आतलं सगळं उघडं असतं. कुनीबी बघावं, कुनीबी सुधरावं."

"मंग बरी हाय. झाकल्याली मोटार मीबी कदी इकत घेनार न्हाई."

सीडीबरोबर छापील कागद होते. ही सिस्टीम कोणत्या यंत्रावर चालते, कोणत्या कार्डावर चालत नाही, याची लांबलचक यादी. डब्यावरचं नाव जुळून भागत नव्हतं, आतल्या प्रत्येक भागावरचा नंबर जुळायला हवा होता. नंबर बारीक, काहींवर काजळी धरलेली. जयमालाबाईंनी आपलं भिंग आणलं. त्या नंबर वाचायच्या, कानिफ यादीत शोधायचा. रंगीत पडद्याचं कार्ड यादीत नव्हतं. ते काढलं, दुसऱ्या मशीनचं काळं-पांढरं बसवलं. बाकी सगळं जुळलं.

राहीबाई दारातून डोकावली. "पत्रिका जुळवताय व्हय गं? किती गुन आलं?"

"आमच्यात पत्रिका बघत न्हाईत," जयमालाबाई मान वर न करता म्हणाल्या. "पोरगं कामाला कसं हाय ते बघतात."

पोरगं कामाला उभं राहीना. पडद्यावर एकच ओळ यायची, नंबर चुकीचा असल्याची. कानिफने पुन्हा कागद चाळले आणि कारण सापडलं. मशीनला स्वतःचा एक नंबर असतो. तो एका काळ्या चिपमध्ये असतो, आणि तो टिकवायला त्याच चिपच्या पोटात एक बारीक सेल असतो. सेल मेला की मशीन स्वतःला विसरतं. हाताने नंबर टाकून पाहिला, तो टिकेना. दोन्ही मशीनची तीच गत.

"नवी चिप?"

"अमेरिकेतनं. दीड म्हैना. पन लोकांनी एक उपाय लिव्हलाय. चिपचं टोक खरवडायचं, आतल्या दोन तारा उघड्या करायच्या, मेलेला सेल तोडायचा आन् भायेरनं नवा जोडायचा."

"खरवडायचं" हा शब्द ऐकून जयमालाबाई काही बोलणार होत्या. पण भोंगा झाला आणि त्या जागेवर गेल्या. शुक्रवारी दुपारी परत आल्या तेव्हा कानिफ खाली मान घालून बसला होता. त्याच्या हातात करवतीचं पातं होतं आणि टेबलावर चिपचे दोन तुकडे.

"खोल गेलं, मावशी."

"करवतीनं?"

"घाई केली."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तुकडे भिंगाखाली धरले. "दुसरी तशीच राहू द्या. हात लावायचा न्हाई. ही मेलेली मला द्या."

शनिवारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाकरीचा डबा उघडला नाही. मेलेल्या चिपचा शिल्लक तुकडा लाकडी ठोकळ्यावर राळेने चिकटवला आणि पात्याने थराथराने उतरवत नेला. तारा किती खोल आहेत, काळा मसाला कुठे कडक आहे, कुठे भुगा पिवळट दिसू लागतो, हे सगळं एका कागदावर टिपलं. मेलेल्या मोटारीवर हात बसल्याशिवाय त्या जित्या मोटारीला कधी हात लावत नसत.

रविवारी कारखाना बंद होता. रखवालदाराने कानिफच्या शब्दावर दोघांना आत सोडलं. राहीबाईही आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

जयमालाबाईंनी आधी पातं दगडावर लावलं, अर्धा तास. मग सुरुवात केली. दहा वेळा खरवड, फुंकर, भिंग. पुन्हा दहा. हात मनगटापासून हलत नव्हता, नुसती बोटं हलत होती. कानिफ दोनदा म्हणाला, "अजून थोडं जोरानं खरवडलं तरी चालंल." दुसऱ्यांदा त्यांनी पातं खाली ठेवलं. "साहेब, तुमी भायेर जाऊन चा पिऊन या." तो गेला नाही, पण खुर्ची दोन हात मागे ओढून बसला.

दीड तासाने काळ्यात एक पिवळा ठिपका चमकला. त्या थांबल्या, पदराने घाम पुसला आणि ठिपक्याच्या कडेकडेने गेल्या. आणखी तासाने दुसरा दिसला. दोन्ही तारा केसाएवढ्या, दोन्ही धड. मेलेल्या सेलकडे जाणारी बाजू त्यांनी एका टोच्यात तोडली. वाइंडिंगची सगळ्यात बारीक तार घेतली, तिची टोकं खरवडली आणि कथिलाचा डाग देऊन ती चिपच्या तारांना जोडली. कापड बाजारातल्या घड्याळवाल्याकडून कानिफने आणलेला गोल सेल बाहेर चिकटपट्टीने बसवला.

कानिफने नंबर टाकला. मशीन बंद केलं.

"शंभर मोजा," जयमालाबाई म्हणाल्या.

राहीबाईने मोठ्याने मोजले. वेढे मोजावेत तसे, प्रत्येक दहाला बोट मोडत. शंभरला बटण दाबलं. नंबर जागेवर होता.

"धरला!" कानिफ ओरडला.

"आजून वही कुटं आलीय?" जयमालाबाई म्हणाल्या, पण त्यांनी भिंग पदराने पुसून ठेवून दिलं.

सीडी लावली. पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावू लागल्या. सिस्टीम दुसऱ्या मशीनच्या रिकाम्या डिस्कवर चढवली. जुन्या डिस्कवर काही लिहायचं नव्हतं, नुसतं वाचायचं होतं. तीन तास गेले. चारच्या सुमारास कानिफने एक नाव टाइप केलं आणि पडद्यावर आकड्यांचा तक्ता उभा राहिला.

"साडेसात हॉर्सपॉवर, खाचा छत्तीस, वेढे सत्तावीस."

"बरोबर," जयमालाबाई म्हणाल्या. पाठ असलेल्या साताठांतला हा एक होता. "फुडं?"

"फुडं शेरा हाय. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'पहिला वेढा सैल ठेवणे.'" टाइप करणाऱ्याने वहीतलं अक्षर न् अक्षर उतरवलं होतं. कानिफ पुढचं पान वाचू लागला. "दहा हॉर्सपॉवर. खाचा अठ्ठेचाळीस. शेरा... 'ही मोटार राहीला देऊ नये.'"

राहीबाईने कमरेवर हात ठेवले. "अगं सटवे! सात वर्सं कॉम्प्युटरात लपवून ठिवलंस व्हय?"

जयमालाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या.

सोमवारी नऊला टेम्पो आला तेव्हा साहेबांच्या टेबलावर छापील तक्त्यांचा गठ्ठा होता. साहेबांनी पानं उलटली. "खरे आहेत कशावरून?"

"एक भरून दावते."

साखर कारखान्याची, त्यांना पाठ नसलेली एक मोटार त्यांनी निवडली. तक्त्याप्रमाणे तार भरली, राहीबाईने खाचा बंद केल्या. दुसऱ्या दिवशी लाख वाळल्यावर मोटार चाचणीला लागली. तासभर चालली. साहेबांनी तिच्या अंगाला हात लावून पाहिला, ती कोमट होती. टेम्पोवाला सोमवारीच त्या दोन मशीनपैकी एकाचा रिकामा डबा तेवढा घेऊन गेला होता.

"बासष्ट, दसऱ्याच्या आत," साहेब म्हणाले.

"व्हतील. तक्त्यांची एक प्रत मला पायजे."

"कंपनीचे कागद आहेत ते, बाई."

"वही माझी हुती."

साहेबांनी प्रत दिली.

अकरा जणींनी रोज दोन तास जादा काम केलं. जयमालाबाई तीनला उठू लागल्या, कारण हंडे तेवढेच होते. बासष्टावी मोटार दसऱ्याच्या तीन दिवस आधी गेली. एकही परत आली नाही. दिवाळीला सेक्शन चालू होता.

जादा कामाचा पगार हाती आला त्या दुपारी जयमालाबाई कंपनीच्याच स्टोअरमध्ये गेल्या आणि आडावर बसवायला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार मागितली. शिवाय पाइप, थेट रांजणापर्यंत पोचेल एवढा. स्टोअरकीपर छगनने पेटी पुढे सरकवली. बाईंनी पिशवीतून पेचकस काढला आणि झाकणाचे स्क्रू सोडायला लागल्या.

"अहो बाई, तुमच्याच सेक्शनची हाय!"

"म्हनून तर बघते."

त्यांनी भिंग लावून टोकं पाहिली. खरवड साफ होती, डाग भरीव होता, गाठ राहीबाईची होती. मग झाकण लावलं, मोटारीचा नंबर नव्या वहीत लिहिला आणि पैसे दिले.