पुढं डिकी असलेली गाडी

डेन्झिल तुस्कानो वसईजवळच्या निर्मळचे. शहाण्णव साली ते मेकॅनिक म्हणून दुबईत आले आणि तेव्हापासून तिथल्या अल क्वोज भागातच आहेत. बायको इनेज आणि मुलगी शेनॉन गावी. ज्या गॅरेजात ते होते तिथं एक एमिराती म्हातारे गृहस्थ विचित्र गाड्या घेऊन यायचे. तरुणपणी ते कीव्हला इंजिनिअरिंग शिकले होते, आणि तिकडच्या जुन्या सोव्हिएत गाड्या, साइडकारवाल्या मोटारसायकली जमवायचा त्यांना नाद होता. ते रशियन मॅन्युअल वाचून हिंदीत सांगायचे, डेन्झिल गाडीखाली पडून ऐकायचे. म्हातारे गेल्यावर त्यांची मुलगी मरियम हिनं एका गोदामात त्या गाड्यांचं म्युझियम केलं आणि डेन्झिलना तिथं नेमलं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या शनिवारी मी फक्त माझ्या मुलीला, केयाला घेऊन उन्हातून कुठंतरी आत जायचं म्हणून तिथं गेले होते. ऑगस्ट होता. नवरा ऑफिसच्या कामाला रियाधला, आणि जेएलटीच्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये सहा वर्षांची पोर दिवसभर किती बसणार?

मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते, ते ऐकून डेन्झिल स्वतःहून पुढं आले. "तुम्ही मराठी? मी वसईचा." मग त्यांनी आम्हाला प्रत्येक गाडी दाखवली. एका बुटक्या, फिक्या हिरव्या गाडीचं पुढचं झाकण उघडं होतं.

"सांग बेटा, यात इंजिन कुठंय?"

केयानं वाकून पाहिलं. "देअर इज नो इंजिन!"

"इंजिन मागं. ही पुढची डिकी. झापोरोझेट्स म्हणतात हिला. आमच्या मोठ्या साहेबांची पहिली गाडी. हात नाही लावायचा हां."

मला ऑफिसचा फोन आला. मी दोन मोटारसायकलींच्या मध्ये उभी राहून बोलले. पाच मिनिटं, फार तर सात. वळून पाहिलं तर केया नव्हती.

आधी मी हळूच हाक मारली. मग मोठ्यानं. मग टॉयलेट, दरवाजा, बाहेरचा रस्ता. वॉचमन म्हणाला, कोणी बाहेर गेलेलं नाही. आम्ही गाड्यांखाली वाकून पाहिलं, काचांतून आत पाहिलं. छताला लावलेले मोठे पंखे घरघरत होते. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

डेन्झिल एकदम थांबले. हिरव्या गाडीकडे बघत म्हणाले, "ते झाकण उघडं होतं."

आता ते बंद होतं.

"पंखे बंद करा! सगळे!" ते ओरडले. पंखे थांबायला वेळ लागला. मग पत्र्याच्या आतून ठक् ठक् असा बारीक आवाज आला. मी झाकणावर पडलेच.

डिकी उघडायची मूठ स्टिअरिंगखाली होती. डेन्झिलनी ती ओढली आणि पन्नास वर्षं जुनी वायर तुटून त्यांच्या हातात आली. ते क्षणभर त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"कापा ना!" मी किंचाळले. "ग्राइंडर असेल ना तुमच्याकडे!"

"ठिणग्या तिच्यावर पडतील, ताई. पहारीनं उचकलं तर पत्रा आत दबेल." ते खाली बसले. "ताई, अँब्युलन्सला फोन करा. करा लवकर."

मी फोन करेपर्यंत त्यांनी डाव्या दिव्याची रिंग काढायला घेतली. एक स्क्रू हलेना. त्यांनी पक्कड लावून रिंगच उपटली, दिवा बाहेर ओढला आणि त्यामागचा पत्रा जाड कात्रीनं फाडला. त्या भोकातून गरम वाफ बाहेर आली.

"केया! बेटा, माझा आवाज येतोय?"

"इट्स हॉट," आतून आलं. "आय वॉन्ट मम्मा."

"मम्मा इकडंच आहे. तू तोंड माझ्या बाजूला कर. इथं हवा आहे. माझ्याशी बोलत राहा."

ती बोलली. शाळेचं नाव सांगितलं, टीचरचं सांगितलं. मग उत्तरं तुटक झाली. मग बंद.

"केया?" मी म्हटलं. "केया, बोल!"

तारेला आकडा करून डेन्झिलनी हात दंडापर्यंत आत घातला. फाटलेला पत्रा त्यांच्या दंडात रुतला होता, रक्त बंपरवर टपकत होतं. डोळे मिटून ते झाकणाची आतली कडी चाचपत होते. एकदा आकडा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा कट्ट असा आवाज झाला आणि झाकण बोटभर वर आलं.

केया घामानं निथळत होती, लाल झाली होती. डोळे अर्धे उघडे. डेन्झिलनी तिला थंड फरशीवर आडवं केलं, ओल्या फडक्यानं मान पुसली. थोड्या वेळानं ती रडायला लागली. इतकं छान रडणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

अँब्युलन्सवाले तिला तपासत असतानाच मरियम आली. चाळिशीची, अबाया घातलेली, भेदरलेली. आधी ती केयापाशी वाकली. मग तिला गाडी दिसली. फाटलेला पत्रा, वायरला लोंबणारा दिवा.

डेन्झिल उभे राहिले. "मॅडम, मैंने तोडा. पूछने का टाइम नहीं था."

मला वाटलं, आता या माणसाची नोकरी जाणार. मी मध्ये बोलायला गेले, पण तिनं हात वर केला.

"ढक्कन खुला रखो, किसने बोला था?" तिनं विचारलं.

"आपने, मॅडम."

"हां. मैंने." ती खाली बसली आणि हातानं तोंड झाकून घेतलं. मग अँब्युलन्सवाल्याला म्हणाली, "पहले इनका हाथ देखो."

डेन्झिलना नऊ टाके पडले. म्युझियम दहा दिवस बंद राहिलं. तेवढ्या दिवसांत त्यांनी एका हातानं सगळ्या गाड्यांच्या डिकीची कुलपं काढून टाकली.

महिन्यानं मी केयाला घेऊन त्यांना भेटायला गेले. गोदाम दिसताच तिनं सीटबेल्ट घट्ट धरला. "आय ॲम नॉट गोइंग इन."

मी डेन्झिलना फोन केला. ते बाहेर आले. गाडीचं दार उघडायला लावलं नाही, काच खाली करायलाही सांगितलं नाही. तसेच उन्हात उभे राहिले आणि काचेतून तिला दंडावरची खूण दाखवली. केयानं काच चार बोटं खाली केली.

"डझ इट हर्ट?"

"थोडं," डेन्झिल म्हणाले. "तुला अजून भीती वाटते?"

"थोडी," ती मराठीत म्हणाली.