सुभेदार, सारंग आणि खिंडीतला पिक्चर

आमच्या रविवारच्या पिक्चरमंडळाला आता आठ वर्षं होतील. पाहिलेल्या पिक्चरांची यादी कुणीच ठेवली नाही, पण किस्से विचारा! पिक्चर दोन तासांत संपतो. किस्सा मात्र पुढच्या रविवारी थोडा जाडजूड होऊन परत येतो. परवा चहा पिताना मॅडम म्हणाल्या, "नंदू, हे कुणीतरी लिहून ठेव रे. नाहीतर सुभेदार प्रत्येक वेळी स्वतःलाच जिंकवतात!"

तर मी नंदू. रत्नागिरीत लग्नकार्यांना आणि सभांना साउंड, प्रोजेक्टर भाड्याने देतो. मुहूर्त नसलेल्या रविवारी सकाळी सगळं सामान मॅडमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन लावतो. मॅडम म्हणजे इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. अर्धं गाव त्यांच्या हातच्या छड्या खाऊन मोठं झालंय, त्यामुळे खोलीत शांतता असते. असायची, म्हणजे. हे दोघं येईपर्यंत!

एक सुभेदार साळवी. राहायला लांज्याला, फौजेतून निवृत्त, पंच्याहत्तरीला आले तरी पाठ भिंतीसारखी सरळ. दुसरे राजिवड्याचे इब्राहिमचाचा. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली. डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, तेच नाव त्यांना कायमचं चिकटलं.

आणि एक पिक्चर. जुना, इंग्रजी. डोंगरी खिंडीतल्या किल्ल्यात अडकलेली गोरी पलटण आणि बाहेर वेढा घालून बसलेले पठाण टोळीवाले. आत मिशीवाला कॅप्टन, बाहेर पांढऱ्या दाढीचा म्हातारा सरदार. दोघं एकमेकांची माणसं मारतात आणि एकमेकांना मानतातसुद्धा. त्याचं इंग्रजी नाव आमच्यातले तिघं तीन तऱ्हांनी म्हणतात, म्हणून आम्ही म्हणतो 'खिंडीतला पिक्चर'. वर्षातून एकदा तो लागतोच.

* * *

पहिल्यांदा लावला तेव्हाची गोष्ट. डोंगरावरून टोळीवाले धावत उतरले आणि खोलीत डाव्या बाजूने कडकडून टाळ्या. सारंगचाचा!

सुभेदार उठून उभे राहिले. "नंदू, पिक्चर थांबव! टाळ्या कोणासाठी ओ?"

"घरवाल्यांसाठी," चाचा म्हणाले. "घरात चोर शिरला की टाळ्या चोरासाठी वाजवायच्या?"

"आत दीडशे माणसं आहेत, बाहेर चार हजार! सैनिकाची कदर नको?"

"मग बोलावलं कोणी होतं त्यांना?"

सुभेदार म्हणाले, "सैनिकाला कोणी बोलवत नाय. पाठवतात!"

आता चाचाही उठून उभे राहिले. शेवटी मॅडमनी टेबलावर पट्टी आपटली. "दोघंही बसा! नाहीतर अंगठे धरून उभे करीन."

बसले बापडे. पण त्या दिवसापासून खोलीच्या दोन बाजू पडल्या. उजवीकडे सुभेदार, डावीकडे सारंग, आणि मधोमध मी, प्रोजेक्टर सांभाळत.

* * *

पिक्चरमध्ये एक झरा आहे. एका दुपारी सरदार गोळीबार थांबवतो आणि किल्ल्यातल्या जखमींसाठी पाणी भरून नेऊ देतो. मला वाटलं होतं, सुभेदारांना हे आवडेल. तर ते म्हणाले, "हे साफ खोटं! लढाईत कोण पाणी देतं?"

चाचा शांतपणे म्हणाले, "तुम्ही सीमेवर होतात. समोरच्यांनी कधी काही दिलंच नाय तुम्हाला?"

सुभेदारांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सणाला मिठाईचे डबे यायचे. आपण त्यांना द्यायचो, ते आपल्याला."

"घेतलीत?"

"घेतली. पण साहेबांचा हुकूम होता, तोंडात टाकायची नाय. विष असेल म्हणून."

"मग फेकलीत?"

सुभेदारांनी खिडकीबाहेर बघितलं.

"जिलबी होती ओ!"

* * *

सारंगचाचा वेळेचे कच्चे. साडेदहाचा शो असला की ते पावणेअकराला जिना चढणार. एकदा अकरा वाजले तरी पत्ता नाही. मंडळी कंटाळली. मी रिमोट उचलला, तर सुभेदारांनी माझा हात धरला.

"थांब जरा."

"अहो, सगळे खोळंबलेत."

"समोरची बाजू आलेली नाय. एकतर्फी लढाई बघायला मी लांज्यावरून येतो काय?"

सव्वाअकराला चाचा धापा टाकत आले. सुभेदार त्यांच्याकडे न बघताच मला म्हणाले, "हां, आता लाव. आणि पंखा तिकडे फिरव."

* * *

एका वर्षी ऐन तहाच्या प्रसंगात माझ्या स्पीकरने मान टाकली. पडद्यावर कॅप्टन आणि सरदार समोरासमोर बसलेले, ओठ हलताहेत, आवाज शून्य! मी वायरी उपटतोय, पुन्हा खोचतोय, घामाघूम. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "असू दे. आवाज हे दोघं देतील. पण बाजू बदलून! सुभेदार, तुम्ही सरदार. इब्राहिम, तू कॅप्टन."

दोघांनीही तोंडं वाकडी केली. पण मॅडमना नाही म्हणायची हिंमत आजवर कोणाला झालीय?

पडद्यावर कॅप्टन बोलू लागला. चाचांनी घसा खाकरला. "सरदारसाहेब, आम्ही इथून जातच होतो. चहा प्यायला म्हणून टेकलो, ते राहिलोच!"

सरदाराचे ओठ हलले. सुभेदार गरजले, "चहा झाला ना? मग कप ठेवा आणि चालायला लागा!"

खोली हसून हसून लोळली. स्पीकर दुरुस्त झाला होता, पण तो चालू करायचं कोणाच्या मनातच येईना. तब्बल दहा मिनिटं दोघं भांडले, आणि सुभेदारांनी कॅप्टनला असं काही झापलं की चाचांनी शेवटी हातच जोडले!

खाली चपला घालताना सुभेदार मला हळूच म्हणाले, "नंदू, एक सांगू? त्या म्हाताऱ्या सरदाराचं पण काय चूक नाय रे."

* * *

पिक्चरच्या शेवटी वेढा उठतो. सरदार टेकडीवरून हात वर करतो आणि कॅप्टन डोक्यावरची टोपी काढतो. इथे सुभेदार दरवर्षी डोळे पुसतात आणि चष्म्यात धूळ गेली म्हणतात.

एकदा चाचा म्हणाले, "टोपी काढली, छान. पण किल्ला सोडला काय?"

"म्हणजे? तो मान खोटा?"

"मान खरा हो! मालकी खोटी." मग चाचांनी त्यांच्या जहाजावरच्या दिवसांतलं सांगितलं. आफ्रिकेच्या एका बंदरात गोऱ्यांचा जुना किल्ला होता. गोरे कधीच निघून गेलेले. समुद्राकडे तोंड करून एक भलीमोठी तोफ, आणि तिच्यावर गावातल्या बायका मासे वाळत घालत होत्या. "तोफेचा इतका चांगला उपयोग मी जगात दुसरीकडे कुठं बघितला नाय!"

सगळे हसले. सुभेदार हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "हे मात्र बरोबर बोललास."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'तुम्ही' चुकलं! दोघंही दचकले. पुढच्या रविवारी पुन्हा अहो-जाहो सुरू.

* * *

मागच्या वर्षी एका वाचनालयाने हा पिक्चर त्यांच्या सभागृहात दाखवायला आम्हाला बोलावलं. खुर्च्या भरलेल्या, निम्मी माणसं अनोळखी. टोळीवाले उतरले आणि चाचांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "वाजवा, वाजवा! तुमचेच ना ते!"

चाचांचे हात हवेतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी पिक्चर थांबवला.

सुभेदार उठले. सावकाश मागे वळले.

"कोण बोललं? उभे राहा."

आवाजच असा होता की ते गृहस्थ उभे राहिले.

"हा माणूस टाळ्या वाजवतो, कारण गोरे त्या लोकांच्या घरात घुसले होते. तुमचे आजोबा इथं असते, तर त्यांनी पण वाजवल्या असत्या. आणि दुसरं ऐका. या माणसाशी भांडायला इथे रांग आहे. सात वर्षं रांगेत पहिला मी उभा आहे आणि माझा नंबर अजून संपलेला नाय. मागे जाऊन उभे राहा!"

खरं सांगतो, ते गृहस्थ दोन पावलं मागे सरकले!

सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. सुभेदार खाली बसले. चाचांनी आभार वगैरे मानले नाहीत. नुसते म्हणाले, "सुभेदार, भाषण जरा लांबलं."

"गप बसा आणि पिक्चर बघा!"

* * *

यंदा एका गुरुवारी सकाळी चाचांच्या छातीत कळ आली आणि त्यांना थेट आयसीयूत ठेवलं. मुलगी कुवेतहून निघालेली, चाची बाहेरच्या बाकावर माळ ओढत बसलेल्या. मी सुभेदारांना फोन केला. दुपारच्या भेटीच्या वेळेला ते दारात हजर! कडक इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर चुकलेली.

आत एकालाच सोडणार, तेही नातेवाइकाला. चाचींनी सुभेदारांना खूण केली, तुम्ही जा म्हणून. दारातली सिस्टर नवीन होती. तिने रजिस्टर उघडलं. "पेशंटचे कोण तुम्ही?"

मी मागून कुजबुजलो, "भाऊ म्हणून सांगा."

"खोटं बोलणार नाय." सुभेदारांनी पाठ ताठ केली. "लिहा, दुश्मन."

सिस्टरचं पेन थांबलं. "काय?"

"दुश्मन. दु, श, म, न. लिहा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चाचींकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं आणि चाचांची खाट दारालगतच होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी एका बोटाने तो वर उचलला.

"सिस्टर, सोडा त्यांना आत. घरचेच आहेत!"